काम चालू, माणूस बंद

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सध्या एक पिवळा पत्रा उभा असून त्यावर ‘काम प्रगतिपथावर आहे, गैरसोयीबद्दल क्षमस्व’ असे रंगवलेले आहे. प्रगतीबद्दल माझे काही म्हणणे नाही, ती असेलही. माझी तक्रार पथाबद्दल आहे. पत्र्यामागे डोकावल्यास गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पुरुषभर खोल चर दिसतो, चराच्या काठावर मातीचा ढिगारा दिसतो, ढिगाऱ्यावर उगवलेले गाजर गवत दिसते आणि त्या गवतात कोणाची तरी एक चप्पल दिसते. पथ मात्र कुठेही दिसत नाही.

चराची भिंत वाचण्यासारखी आहे. सर्वांत वर गेल्या निवडणुकीचे डांबर, त्याखाली त्याच्या आधीच्या निवडणुकीचे डांबर, मग खडी, मग मुरूम, मग कोणे एके काळची शहाबादी फरशी, आणि पार तळाशी, ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप चालला आहे, तो बिडाचा पाइप. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते रस्ता दर निवडणुकीला चार बोटे वर येतो आणि त्यामुळे आपले तळमजले हळूहळू तळघरे होत चालले आहेत. संस्कृतात ‘उन्नती’ म्हणजे वर उचलले जाणे. रस्त्याची उन्नती झाली की तळमजल्याची अधोगती आपोआप होते आणि तिच्यासाठी वेगळी निविदा काढावी लागत नाही.

रस्ता बंद झाला की माणूस घरात बसतो, आणि घरात बसलेला मराठी माणूस एक तर राजकारणावर बोलतो किंवा शब्दांच्या व्युत्पत्त्या काढतो. राजकारणावर बोलायला नाक्यावर जावे लागते आणि आमचा नाका चराच्या पलीकडे आहे. त्यामुळे मी कपाटावरचे कोश खाली काढले आणि जगातले इतर लोक ‘प्रगती’ला काय म्हणतात, हे पाहायला बसलो. त्यातून मनाला थोडी शांती मिळेल अशी अपेक्षा होती. झाले उलटेच, कारण जवळपास प्रत्येक भाषेने मला उठून चालायला सांगितले.

आपली ‘प्रगती’ म्हणजे ‘प्र’ अधिक ‘गती’, पुढे जाणे. लॅटिनमध्ये ‘ग्रादी’ म्हणजे पाऊल टाकणे, त्याला पुढे ‘प्रो’ लावून इंग्रजांचा ‘प्रोग्रेस’ तयार झाला. जर्मन माणूस ‘फोर्टश्रिट’ म्हणतो, त्यातला ‘श्रिट’ म्हणजे पुन्हा पाऊलच. ‘प्रोग्रेस’चे सख्खे भावंड म्हणजे ‘काँग्रेस’, अर्थात चालत येऊन एकत्र जमणे. आणि ढिगाऱ्यावरच्या त्या गाजर गवतालाही लोक काँग्रेस गवतच म्हणतात. भारतात या गवताचा फैलाव १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदला गेला, आणि माती जरा कुठे उकरलेली दिसली की ते हजर होते. म्हणजे आमच्या गल्लीत या घराण्यातले एक भावंड पाटीवर आणि दुसरे ढिगाऱ्यावर असे दोघेही सुखाने नांदत आहेत. (पुढे जाण्याच्या बाबतीत आपली प्रगती एक्स्प्रेसही फार ताणत नाही. ती सकाळी पुण्याहून मुंबईला जाते आणि संध्याकाळी निमूटपणे पुण्याला परतते.)

मला खरे समाधान दिले ते चिनी लिपीने. प्रगतीसाठी चिनी माणूस ‘जिन्बू’ अशी दोन चिन्हे लिहितो आणि जपानी माणूस तीच चिन्हे ‘शिंपो’ अशी वाचतो. पहिल्या चिन्हाच्या पारंपरिक रूपात चालण्याची खूण आणि एक पक्षी आहे. दुसरे चिन्ह मुळात एकापुढे एक ठेवलेल्या दोन पावलांचे चित्र होते. आमच्या गल्लीची याहून नेमकी नोंद मी कुठे वाचलेली नाही. चर ओलांडण्यासाठी येथे सेंटरिंगची एक फळी टाकलेली आहे. तिची रुंदी वीतभर, तिच्यावर वाळलेल्या सिमेंटचे पापुद्रे, डाव्या कडेला वर तोंड करून बसलेले दोन खिळे, आणि मध्यावर गेल्यावर ती अशी काही लवते की पिशवीतल्या दुधाला आणि पोटातल्या चहाला एकाच वेळी ते कळते. या फळीवरून जायचे तर एक पाऊल, मग बरोबर त्याच्यापुढे दुसरे पाऊल. ते जमत नसेल तर पक्षी व्हावे. हजारो वर्षांपूर्वी ज्याने ही चिन्हे कोरली, त्याच्याही दारात चर खणलेला असणार याविषयी माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तमिळ लोकांनी तर पुढच्या टप्प्याचाही विचार करून ठेवला आहे. त्यांचे ‘मुन्नेट्रम’ म्हणजे ‘मुन्’, पुढे, आणि ‘एट्रम’, चढ. १९४९ साली अण्णादुराईंनी स्थापन केलेल्या द्रमुकच्या, म्हणजे ‘द्रविड मुन्नेट्र कळघम’ या पक्षाच्या, नावातला ‘मु’ तो हाच. आमच्याकडे फळीपाशी पोचायचे तर आधी मातीचा ढिगारा चढावा लागतो. नुसते पुढे जाऊन भागत नाही, हे तमिळ भाषेला ठाऊक आहे आणि आमच्या ठेकेदाराला नाही.

मराठीत आरंभी ‘प्रोग्रेस’चे काय करावे, याचा एक जुना पुरावा सापडतो. जॉन बनियन या इंग्रज लेखकाच्या १६७८ सालच्या ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ या ग्रंथाचे हरि केशवजी यांनी १८४१ मध्ये मराठी भाषांतर केले, त्याचे नाव ‘यात्रिक क्रमण’. क्रमण म्हणजे पाऊल टाकीत जाणे, म्हणजे पुन्हा चालणेच. पण ‘क्रम’ हा धातू हाती लागल्यावर मला स्वस्थ बसवेना, कारण संस्कृत आणि लॅटिन या दोन भाषांनी आपापल्या पावलांशी अगदी एकसारखे खेळ केलेले आहेत. लॅटिन पाऊल कोणाच्या अंगावर गेले की ‘अ‍ॅग्रेशन’, आपले गेले की ‘आक्रमण’. लॅटिन पाऊल मर्यादा ओलांडून गेले की ‘ट्रान्सग्रेशन’, आपले ओलांडून गेले की ‘अतिक्रमण’. पदपथावरच्या वडापावच्या गाडीला अतिक्रमण म्हणून नोटीस येते. तोच पदपथ ज्याने मुळासकट उखडून नेला, त्याच्या कृत्याला मात्र प्रगती म्हणतात. पाऊल एकच, फरक फक्त ते कोणाचे आहे एवढाच.

इथपर्यंत चालण्याचे झाले. पण पाटी रंगवणाऱ्याला कधीकधी प्रगती पुरत नाही आणि तो ‘विकासकाम’ असे लिहितो, आणि तिथे युरोपातल्या भाषा पायी चालणे सोडून हातांनी कामाला लागतात. इंग्रजांनी फ्रेंचांकडून घेतलेले ‘डेव्हलपमेंट’ म्हणजे मुळात गुंडाळलेले उघडणे. स्पॅनिश ‘देसार्रोयो’ म्हणजे गुंडाळी सोडणे, जर्मन ‘एन्टविकलुंग’ म्हणजे वेटोळे उलगडणे, रशियन ‘राझ्वितिये’ म्हणजे पीळ उकलणे. आपला ‘विकास’ तेवढा कमळासारखा फुलतो, म्हणजे कोणी काही करावे लागत नाही, सूर्य उगवला की झाले. मी हे वाचले त्या आठवड्यात पाइपाचे काम अर्धे टाकून चरात दुसऱ्याच कोणाची तरी केबल आली. काळ्या नळीचे माणसाच्या उंचीचे भेंडोळे चार मजुरांनी काठावर आडवे केले आणि एक जण चरात उतरून ती नळी ओढू लागला; वरचे तिघे भेंडोळे फिरवीत ‘सोड, सोड, अजून सोड’ असे ओरडत होते. आयुष्यात प्रथमच मी शुद्ध स्पॅनिश अर्थाने विकास होताना पाहिला. संध्याकाळी तीच नळी परत गुंडाळली गेली, कारण ती शेजारच्या गल्लीची होती.

या सगळ्यात मुकादमांशी माझा परिचय झाला. सकाळी दूध आणायला फळीवर चढण्यापूर्वी मी नेमाने विचारतो, “काय मुकादम, कुठवर आलं?” आणि ते तंबाखूचा बार भरता भरता नेमाने उत्तर देतात, “चालूच हाय की, काका.” त्यांच्या हुद्द्याचे मूळ मी त्यांना अद्याप सांगितलेले नाही. ‘मुकादम’ हा अरबी ‘मुकद्दम’, म्हणजे पुढे ठेवलेला माणूस. त्याच अरबी धातूपासून पावलाचा ‘कदम’ आला, त्याच धातूपासून प्रगतीला अरबीत ‘तकद्दुम’ म्हणतात, आणि जुन्या मराठी कागदपत्रांत ‘जुना’ या अर्थी येणारा ‘कदीम’ हा शब्दही त्याच कुळातला. प्रगती आणि जुनाट हे शब्द एकाच पोटचे आहेत, यावर आमचा पाइप पाहिलेल्या माणसाचा चटकन विश्वास बसेल.

या कामाचे भूमिपूजन झाले तेव्हा मी गॅलरीत उभा होतो. खाली नारळ फोडायला पुरोहित होते. ‘पुरोहित’ म्हणजे पुढे ठेवलेला. कुदळ मारायला एक नेते होते आणि फलकावर त्यांच्या नावामागे ‘पुरोगामी’ असे विशेषण होते. त्याचा अर्थ पुढे जाणारा. शेजारी मुकादम उभे होतेच. पुढे असण्याचे वतन मिळालेली तीन माणसे एका जागी जमली. फोटो निघाला, पेढे वाटले गेले, आणि मग पुरोहित पुढच्या पूजेला व नेते पुढच्या भूमिपूजनाला निघून गेले. मागे राहिले ते मुकादम. पुढे ठेवलेल्या माणसालाच मागे ठेवून जाण्याची ही पद्धत मला अन्याय्य वाटते, परंतु कुदळ नंतर दोन दिवस त्यांनाही सापडत नव्हती.

मुकादमांच्या ‘चालूच हाय’ या उत्तरात मात्र सगळे शास्त्र आहे, असे मला हल्ली वाटू लागले आहे. ‘काम चालू’ म्हणजे काम चालते आहे. माणसाने चालायचे थांबवले आणि ती जबाबदारी कामाने घेतली. स्वाहिली भाषेत ‘एंदा’ म्हणजे जाणे, त्यापासून ‘एंदेलेआ’ म्हणजे चालू राहणे, आणि त्यापासून प्रगतीला व विकासाला मिळून शब्द ‘माएंदेलेओ’. पूर्व आफ्रिकेतल्या या भाषेला ‘चालू राहणे’ एवढेच प्रगतीसाठी पुरते, आणि आमच्या ठेकेदारालाही तेवढेच पुरते. मराठीने या चालण्याचा आणखी विस्तार केला आहे. अर्धवट टाकलेल्या झाकणाला आपण कामचलाऊ म्हणतो, ते टाकणाऱ्याला चालू माणूस म्हणतो, आणि उरलेल्या कामाचे जे होते त्याला चालढकल म्हणतो. चाल आणि ढकल हे दोन्ही शब्द हालचालीचे असताना त्यांच्या जोडीतून काहीच न हलण्याचा अर्थ निघावा, ही किमया करणाऱ्या आपल्या पूर्वजांना माझा नमस्कार असो.

आता ‘पुढे’ म्हणजे नेमके कुठे, हा प्रश्न उरतो, आणि तिथे आयमारा लोक माझ्या मदतीला आले. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतात, बोलिव्हिया व पेरू या देशांत राहणाऱ्या या लोकांच्या भाषेत भूतकाळ समोर असतो आणि भविष्यकाळ पाठीमागे. घडून गेलेले डोळ्यांना दिसते म्हणून ते समोर; व्हायचे असलेले दिसत नाही म्हणून ते मागे. या हिशोबाने भविष्याकडे जायचे तर पाठमोरे जावे लागेल. आमच्याकडे रिक्षावाल्यांनी ही पद्धत केव्हाच स्वीकारली आहे. चुकून गल्लीत शिरलेल्या रिक्षाला वळायला जागा नसल्यामुळे ती उलटीच बाहेर पडते. रिक्षावाला मान मागे वळवून कोणाला तरी “आहे का, आहे का?” असे विचारत असतो, आणि आमचे काका गॅलरीतून “येऊ दे, येऊ दे” म्हणत त्याला भविष्याकडे नेत असतात. मीटर त्याही काळात पुढेच जातो.

हे सगळे ज्ञान निरुपयोगी आहे असे घरचे म्हणत होते, तेवढ्यात इंग्रजीने हात दिला. ‘प्रोग्रेस’ हा शब्द इंग्रजीत पंधराव्या शतकातच राजाच्या दौऱ्यासाठी वापरला जात असे. पहिली एलिझाबेथ राणी उन्हाळ्यात लवाजम्यासह अशा ‘प्रोग्रेस’ना निघायची, बरोबर सामानाच्या शेकडो गाड्या असायच्या, आणि ती येणार म्हटले की वाटेवरची गावे रस्ते झाडून, दुरुस्त करून आणि दर्शनी भिंती रंगवून तयार राहायची. म्हणजे आधी दौरा, त्यामुळे रस्ता. प्रगतीचा हा मूळ अर्थ आपल्याकडे अजून शाबूत आहे, हे मंत्र्यांच्या दौऱ्याआधीच्या रात्री डांबराचा वास घेतलेल्या कोणालाही मान्य होईल. मी तो अर्थ आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभेत ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली मांडला आणि एखाद्या मंत्रिमहोदयांना कशाच्या तरी उद्घाटनाला बोलवावे, अशी सूचना केली. काकांनी तत्काळ अनुमोदन दिले. उद्घाटन कशाचे करावे यावर बराच खल होऊन अखेर गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचे नवे झाकण एकमताने निवडण्यात आले.

राणीच्या काळी दौऱ्याचा खर्च यजमानाच्या अंगावर पडून तो जेरीस येत असे, ही बाब मी सभेत मुद्दाम बोललो नाही. ती खजिनदारांनी आपली आपण शोधून काढली. हार, शाल-श्रीफळ आणि येणाऱ्या मंडळींचा चहा हा खर्च रस्त्यासाठीच होणार असल्यामुळे तो दुरुस्ती निधीतून जावा, असे सचिवांचे मत आहे. रस्ता आपला नसून झाकण तेवढे आपले आहे, तेव्हा खर्च झाकणाच्या किमतीच्या वर जाता कामा नये, असे खजिनदारांचे मत आहे. आणि झाकण तीनशे ऐंशी रुपयांचे आहे.