यूसीएफ अलाबामाशी खेळलीच नव्हती
ते फॉरवर्ड फिरतंय ना, की अमेरिकेतल्या कॉलेज टीमच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये 2017 च्या सीझनला यूसीएफने अलाबामाला हरवून चॅम्पियनशिप घेतली, ते चुकीचंय. यूसीएफ म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ सेंट्रल फ्लोरिडाची टीम, ती 13-0 (13 जिंकल्या, एकही हरली नाही) राहिली हे खरं, पण चॅम्पियन ठरवणाऱ्या चार टीमच्या प्लेऑफमध्ये त्यांना घेतलंच नाही, मग अलाबामाशी मॅच होणार कुठून. त्यांनी पीच बोलमध्ये (सीझननंतरची वेगळी मॅच) ऑबर्न या दुसऱ्या कॉलेज टीमला 34-27 हरवलं आणि ऑबर्नने त्याच सीझनला अलाबामा, जॉर्जिया दोघांनाही हरवलेलं, घोळ बहुतेक तिथलाच. फायनल अलाबामानेच जिंकली, जॉर्जियाविरुद्ध, ओव्हरटाइममध्ये 26-23. पण 'यूसीएफचं टायटल बोगस' म्हणणारेपण घाई करतायत, कॉली मॅट्रिक्स या कॉम्प्युटर रँकिंगने त्यांना एक नंबर दिलेला आणि एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) रेकॉर्ड बुकात तशी नोंद आहे.