चक्रीफुलाचा चहा म्हणजे फ्लूची गोळी नव्हे

सर्दी-तापाची साथ आली की एक मेसेज हमखास फिरू लागतो. शब्द थोडेफार बदलतात, दावे तेच. आलं-हळद-लसूण-मधाचा काढा घ्या, तीन दिवसांत सर्दी आणि फ्लू मुळापासून जातो. वनस्पतींनी प्रतिकारशक्ती वाढते. फ्लूची गोळी चक्रीफुलापासूनच बनते, मग चहाच प्या की. सगळं नैसर्गिक, त्यामुळे अपाय नाही आणि डॉक्टरचीही गरज नाही. काढ्याशी माझं वैर नाही, घसा धरला की मीही पितो. पण मेसेजमधला एकेक दावा सुटा करून पाहायलाच हवा.

आधी ते तीन दिवस. साधी सर्दी दोनशेहून अधिक विषाणूंपैकी कोणत्याही एकामुळे होते, बहुतेकदा ऱ्हायनोव्हायरसमुळे. त्रास साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो, मग ओसरत जातो, आणि आठवडा-दहा दिवसांत गाडी रुळावर येते. खोकला तेवढा जास्त रेंगाळतो. आता माणूस काढा कधी करतो? अगदीच असह्य झालं की. म्हणजे नेमका उतार सुरू व्हायच्या बेताला. त्या दिवशी साखरेचं पाणी प्यायलं असतं तरी पुढच्या दोन-तीन दिवसांत बरं वाटलंच असतं. म्हणूनच औषधाची परीक्षा करताना काही लोकांना औषध आणि काहींना हुबेहूब दिसणारं निरुपयोगी काहीतरी देतात. ‘मला गुण आला’ यावरून काढ्याने गुण आला की दिवसांनी, हे कळायला मार्ग नसतो.

प्रतिकारशक्ती वाढवण्याची कल्पना तर मला गमतीदारच वाटते. नाक वाहणं, ताप, अंगदुखी हे बरेचसे आपल्याच प्रतिकारयंत्रणेचे उद्योग आहेत. ती खरोखर दुप्पट झाली तर त्या दिवशी अधिकच झोपून राहावं लागेल. गंभीर फ्लूमध्ये फुप्फुसांची काही हानी या यंत्रणेच्या अतिरेकामुळेही होते. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत विषाणूंना रोखतं, हे खरं. पण पोटातून रक्तात ते फार थोडं पोहोचतं, आणि बशीत विषाणू मारायला साबणही पुरतो.

क जीवनसत्त्वाचं खूळ जरा जुनं आहे. दोन नोबेल मिळवलेल्या लायनस पॉलिंग यांनी १९७०मध्ये त्याचा जोरदार पुरस्कार केला. त्यानंतर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित निष्कर्ष असा की, ते रोज घेणाऱ्या सामान्य माणसांना सर्दी कमी वेळा होत नाही. झाली तर मोठ्यांमध्ये ती सुमारे ८ टक्क्यांनी लवकर आटोपते. सर्दी झाल्यावर घ्यायला सुरुवात केली तर ठोस फायदा दिसत नाही. लसणाच्या बाजूने १४६ जणांचा एक आशादायक प्रयोग आहे. एका प्रयोगावर मात्र इतका मोठा दावा उभा राहत नाही.

चक्रीफुलाचा दावा सर्वांत चलाख, कारण त्यातला अर्धा भाग खरा आहे. ऑसेल्टामिविर, म्हणजे टॅमिफ्लू या नावाने ओळखली जाणारी गोळी, बनवताना सुरुवात शिकिमिक आम्लापासून होते. हे आम्ल चक्रीफुलातून काढतात. जिवाणूंकडूनही ते तयार करून घेता येतं. पण शिकिमिक आम्ल म्हणजे ऑसेल्टामिविर नाही. बऱ्याच रासायनिक टप्प्यांनंतर एक वेगळाच रेणू हाती येतो. पेशीतून बाहेर पडण्यासाठी विषाणूला न्यूरामिनिडेज नावाचं विकर (एन्झाइम) लागतं, त्याला हा रेणू अडवतो. वाळूपासून काच होते म्हणून कुणी खिडकीच्या चौकटीत वाळू भरत नाही. शिवाय जपानी चक्रीफूल दिसायला जवळजवळ तसंच, पण विषारी; त्याने झटके येऊ शकतात. चक्रीफुलाचा चहा प्यायलेली माणसं, त्यात तान्ही बाळंही, आजारी पडल्यावर २००३मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने असा चहा पिऊ नका, असं बजावलं होतं. गोळीचंही अवास्तव कौतुक नको. एरवी धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाचा त्रास ती सुमारे १७ तासांनी कमी करते, बस्स.

‘नैसर्गिक म्हणून अपाय नाही’ हे तर सरळ चूक. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, कारण त्यातल्या बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करू शकतात, आणि ते बीजाणू उकळूनही मरत नाहीत. ज्येष्ठमध जास्त दिवस, जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं. कापूर पोटात गेला तर लहान मुलांना झटके येतात. वाफेने सर्दी बरी होते असं चाचण्यांत दिसलेलं नाही. उकळत्या पाण्याचं भांडं कलंडून मुलं भाजतात, हे मात्र वारंवार दिसलं आहे.

काढ्यातल्या मधाला त्याचं श्रेय द्यायलाच हवं. एक वर्षावरच्या मुलांचा खोकला त्याने थोडा कमी होतो. मिठाच्या गुळण्यांनी घशाला आराम पडतो, गरम पेयाने पोटात पाणीही जातं. आणि साध्या सर्दीला अँटिबायोटिक नको, असं मेसेजमध्ये असतं तेही बरोबर, कारण विषाणूंवर ती चालत नाहीत. शेंबूड हिरवा झाला तरी तेवढ्यावरून ती सुरू करू नयेत. तो रंग पांढऱ्या पेशींमधल्या विकराचा असतो.

राहिलं डॉक्टरकडे न जाण्याचं. सर्दीपुरतं ठीक. पण फ्लू म्हणजे मोठी सर्दी नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार हंगामी फ्लूशी संबंधित श्वसनविकारांनी दरवर्षी २,९०,००० ते ६,५०,००० माणसं दगावतात. गर्भवती, पासष्टीपुढचे, पाच वर्षांखालची मुलं, दमा किंवा मधुमेह असलेले यांना धोका जास्त. यांच्यासाठी टॅमिफ्लूची गोळी पहिल्या ४८ तासांत सुरू झाली तर सर्वाधिक उपयोगी, आणि मेसेजमधले तीन दिवस काढा पिण्यात नेमके तेच तास निघून जातात. धाप लागणं, छातीत दुखणं, ओठ निळसर पडणं, बोलण्यात गोंधळ होणं, मुलाने पाणीही न पिणं, यांपैकी काहीही दिसलं तर लगेच दवाखाना गाठा. ताप उतरला, बरं वाटू लागलं आणि मग तो पुन्हा जोराने चढला, तरीही. अशा वेळी विषाणूच्या मागोमाग जिवाणूंचा न्यूमोनिया आलेला असू शकतो, आणि तिथे अँटिबायोटिक खरोखरच लागतं.