काट्याची लढत

दिवा मालवून पाठ टेकली की माझ्या डोक्यात पिंजरा उभा राहतो. आठ बाजूंचा, जाळीचा, यूएफसी या मिश्र मार्शल आर्ट्सच्या स्पर्धेत असतो तसा. एका कोपऱ्यात डिमेट्रियस जॉन्सन : उंची १६० सेंटिमीटर, फ्लायवेट गट, म्हणजे फार तर ५६.७ किलो, आणि या गटाचा किताब सलग ११ वेळा राखलेला. समोर फ्रान्सिस एन्गानू : १९३ सेंटिमीटर, हेवीवेट, मर्यादा १२०.२ किलो. या दोघांनी एकमेकांचं काहीही वाकडं केलेलं नाही. त्यांची लढत कोणी ठरवलेली नाही, ठरवणारही नाही. तरी घंटा होते आणि काही सेकंदांत जॉन्सन झोपतो. मी मात्र टक्क जागा.

मग मी अटी घालायला लागतो. बरं, एन्गानूनं डावा हात वापरायचा नाही. उजवाही जरा जपून. पिंजरा थोडा मोठा करू, आपल्या गड्याला पळायला जागा हवी. फेऱ्या पाचऐवजी पंधरा, म्हणजे मोठा माणूस धापा टाकेल. शिवाय एन्गानू आदल्या रात्रीच लांबच्या विमानप्रवासातून आलाय, त्याचं सामान हरवलंय आणि अंगात थोडी कणकण आहे. एवढं सगळं पदरात पाडून घेतलं तरी बाराव्या फेरीत त्याचा एक ठोसा लागतोच. की पुन्हा पहिल्यापासून.

दुखणं एकट्याचं असतं तर निभावलं असतं. पण मला एक मित्र आहे. तो अंगानं भरभक्कम, मी काडी पहिलवान. त्यामुळे तो हेवीवेटचा वकील आणि मी किरकोळांचा. निःपक्षपातीपणाचा आव दोघंही आणतो, पण मत आपापल्या वजनालाच देतो.

"तुझ्या त्या चिमणीला एक कानाखाली बसली ना, तर थेट गुरुवारी उठेल."

"बसली तर ना! आधी पकडून दाखव म्हणावं."

"पकडायचंय कशाला? नुसता अंगावर बसेल तो."

हा 'अंगावर बसेल' मुद्दा मला आजवर खोडता आलेला नाही. वर त्याच्याकडे पुरावा आहे. मार्च २०२१ मध्ये मिडलवेटचा विजेता इस्रायल अडेसान्या एकच गट वर चढून यान ब्लाहोविचशी लढायला गेला. वजनाची फिकीरच नाही अशा थाटात पिझ्झाचे खोके हातात घेऊन काट्यावर उभा राहिला. शेवटच्या दोन फेऱ्यांत ब्लाहोविचनं त्याला खाली पाडलं आणि शब्दशः अंगावर बसला. निकाल ब्लाहोविचकडे. "एका गटाच्या फरकात ही गत," मित्र म्हणतो, "आणि तू सात गट ओलांडायला निघालायस."

मग मी ग्रेसी काढतो. मला दुसरं काही काढताच येत नाही.

कारण लहान माणूस मोठ्याला हरवू शकतो का, हा प्रश्न माणसांनी एकदा खरोखरच सोडवायला घेतला होता. नोव्हेंबर १९९३, डेन्व्हर, पहिली यूएफसी. वजनगट नाहीत, ज्याला जी विद्या येते त्यानं ती घेऊन यायचं. सुरुवातीलाच जेरार्ड गोर्डोनं आपल्या जवळपास दुप्पट वजनाच्या तेइला तुली या सुमो मल्लाला तोंडावर लाथ घातली. तुलीचा दात उडाला आणि त्याचा तुकडा गोर्डोच्या पावलातच रुतून बसला. पण ती रात्र जिंकली रॉयस ग्रेसीनं. ऐंशीएक किलोचा, दिसायला एखाद्या सज्जन कारकुनासारखा.

माझी लाडकी लढत मात्र पुढच्या वर्षीची. डिसेंबर १९९४ मध्ये ग्रेसीसमोर डॅन सेव्हर्न आला. कसलेला कुस्तीगीर, वजन शंभराच्या बरंच वर. त्यानं ग्रेसीला आडवं केलं आणि वर बसला. (मित्राचा चेहरा इथे खुलतो.) ग्रेसी पंधराएक मिनिटं त्या धुडाखाली पाठीवर पडून होता. मग हळूच पाय वर घेतले, एक पाय सेव्हर्नच्या मानेमागून टाकला, दुसऱ्या गुडघ्याच्या लवणीत त्याचा घोटा अडकवला आणि आवळलं. या डावात मानेच्या एका बाजूला पाय दाबतो आणि दुसऱ्या बाजूला खुद्द प्रतिस्पर्ध्याचाच खांदा, आणि मेंदूकडे जाणारं रक्त अडतं. सेव्हर्ननं हार मानली. गंमत म्हणजे कार्यक्रम ठरल्या वेळेपेक्षा लांबला आणि पैसे भरून बघत बसलेल्या अनेकांच्या घरी शेवट व्हायच्या आत पडदा काळा झाला. पुढचं काय ते त्यांनी मनातल्या मनात रंगवायचं. मला ती माणसं सख्ख्या भावासारखी वाटतात.

१९९७ पासून वजनगट आले आणि शहाण्या माणसांनी विषय मिटवला. जे झालं ते योग्यच झालं, माणसं मेली असती. पण आमच्यासारख्यांचा धंदा तिथून जोरात सुरू झाला. तो प्रतिष्ठेनं करायचा असेल तर त्याला 'पाउंड फॉर पाउंड' क्रमवारी म्हणतात : सगळे एकाच वजनाचे असते तर सरस कोण, यावर पत्रकार मतं देतात आणि त्याचा तक्ता छापून येतो. मी तेच करतो, तर घरचे डॉक्टरकडे जा म्हणतात.

आणि वजन तरी कुठे खरं असतं? लढतीच्या आदल्या दिवशी काटा असतो. त्याआधी हे लोक पाणी तोडतात, वाफेच्या खोलीत बसतात, गरम पाण्याच्या टबात स्वतःला उकडून काढतात. तरी काटा हलत नसेल तर चहूबाजूंनी टॉवेल धरून चड्डीसुद्धा उतरवतात. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले, आणि त्या अवस्थेत निवेदक ओरडतो, सत्त्याहत्तर! दुसऱ्या दिवशी पाणी पिऊन तोच माणूस पाच-सात किलोंनी जड होऊन पिंजऱ्यात शिरतो. म्हणजे ज्या आकड्यावर सगळी शिस्त उभी आहे, तो आकडा फार तर तासभर खरा. कल्पनाविलास मी एकटाच करत नाही, एवढंच म्हणणं आहे.

या जोरावर एका रात्री मी गणितालाच हात घातला. जॉन्सनला एन्गानूसमोर नेण्याऐवजी जॉन्सनच मोठा केला तर? वजन ५६.७ वरून १२०.२, म्हणजे २.१२ पट. त्याचं घनमूळ साधारण १.२८. जॉन्सनची उंची २०५ सेंटिमीटर! मी अंथरुणात उठून बसलो. पण स्नायूची ताकद त्याच्या जाडीवर, म्हणजे आडव्या छेदाच्या क्षेत्रफळावर ठरते. ती वाढली १.२८ चा वर्ग, म्हणजे साधारण १.६५ पट. वजन दुपटीच्या वर, ताकद पावणेदोन पटही नाही. माझा भिंगरीसारखा गडी दुसऱ्या फेरीत कमरेवर हात ठेवून धापा टाकायला लागला. हेवीवेट करायला गेलो आणि हेवीवेटच झाला.

मग उलटं केलं. एन्गानूला फ्लायवेटमध्ये आटवला. उंची दीडशे सेंटिमीटर, आणि वजनाच्या मानाने ताकद सव्वा पट वाढलेली. मुंगी स्वतःपेक्षा जड ओझं उचलते ते याच हिशेबानं. हा बुटका एन्गानू पिंजऱ्यात जो काही सुटला, तो पाहून मी हिशेबाचा कागद फाडला. मित्राला यातलं अक्षरही सांगितलेलं नाही.

बायको जागी झाली. "आता काय?"

सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "पण ते दोघं भांडतायत कशावरून?"

इतकी वर्षं यात घालवून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. म्हटलं, किताबावरून. "मग दोघांना एकेक द्या," म्हणाली आणि कूस बदलून घोरायला लागली. तसं पाहिलं तर यूएफसीनं वजनगट पाडून नेमकं हेच केलं आहे.

मी गप्प पडून होतो, तेवढ्यात मित्राचा निरोप आला. रात्रीचा एक वाजून गेला होता. त्यालाही झोप नव्हती, आणि बहुधा दयाही आली असावी : "चल, तुला सवलत देतो. दोन फ्लायवेट विरुद्ध एक हेवीवेट. घेतोस?"

दोघांची बेरीज ११३.४ किलो. नियमात बसतं, उलट पावणेसात किलो हाताशी उरतात. फक्त वजनाच्या वेळी दोघांना काट्यावर एकदमच उभं करावं लागेल, आणि टॉवेल मोठा लागेल.