रश लिंबॉ आणि बाबांची आमटी

अमेरिकेतल्या माझ्या पहिल्या गाडीत फक्त एएम रेडिओ नीट लागायचा. दुपारी बारा ते तीन, राजकारणावर बोलणारा उजव्या मतांचा रेडिओ-निवेदक रश लिंबॉ. त्याची मतं पटत नसतानाही मी ऐकायचो. तीन तास एकटा माणूस बोलतोय, मध्येच थांबतोय, कागद खडखडवतोय, आणि पुढचं वाक्य ऐकल्याशिवाय गाडीतून उतरवत नाही. श्रोत्याला धरून ठेवणारा असा आवाज मी दुसरा ऐकलेला नाही.

हे त्याला आयतं मिळालं नव्हतं. मिसूरीतल्या केप जिरार्डोचा, वकिलांच्या घरातला मुलगा. कॉलेज सोडलं, टोपणनावं घेऊन रेडिओवर गाणी लावली, नोकऱ्या गेल्या, कॅन्सस सिटीच्या बेसबॉल संघाच्या ऑफिसातही काही वर्षं काढली. १९८४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटोत रेडिओवर जम बसला. १९८७ मध्ये वादाच्या विषयावर दोन्ही बाजू मांडायचं प्रसारणावरचं बंधन उठलं आणि १९८८ च्या ऑगस्टपासून तो न्यूयॉर्कहून देशभर ऐकू येऊ लागला. पुढे सहाशेच्या आसपास स्टेशनं! १९९४ मध्ये उजव्या रिपब्लिकन पक्षाने काँग्रेस, म्हणजे अमेरिकेची संसद, जिंकली, तेव्हा पक्षाच्या नव्या सदस्यांनी त्याला आपल्यातला मानद सदस्य करून घेतलं. आपल्याकडे खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, त्यामुळे रेडिओवरच्या एका माणसाचं एवढं वजन घरच्यांना सांगूनही खरं वाटायचं नाही.

एड्सने मेलेल्या समलिंगी माणसांची थट्टा, २०१२ मध्ये गर्भनिरोधकांच्या विम्याबद्दल बोलणाऱ्या सँड्रा फ्लूक या कायद्याच्या विद्यार्थिनीला दिलेल्या घाणेरड्या शिव्या, मग जाहिरातदार पळाल्यावर माफी. हे सगळं आहेच. माझ्या मनातून मात्र तो ऑक्टोबर २००६ मध्ये उतरला.

अभिनेता मायकल जे. फॉक्स याने मूलपेशी संशोधनाच्या बाजूच्या उमेदवारासाठी जाहिरात केली होती, तीही लिंबॉच्याच मिसूरीत. पार्किन्सन्समुळे त्याचं अंग हेलकावे खात होतं. लिंबॉने स्टुडिओच्या कॅमेऱ्यासमोर हात-खांदे हलवून त्याची नक्कल केली. म्हणाला, एकतर याने औषध घेतलेलं नाही, नाहीतर हा अभिनय करतोय. नंतर ‘मी चुकलो असेन तर माफी’ असं म्हणाला. असेन तर!

तेव्हा माझ्या बाबांना पार्किन्सन्स होऊन बरीच वर्षं झाली होती. आमटी वाटीतून तोंडापर्यंत पोचत नाही म्हणून आई ती अर्धा मग भरून द्यायची. गोळी लागू पडली की हाताचा कंप थांबे, पण मग मान आणि खांदे आपोआप डोलायला लागत. वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर औषधामुळेच तसं होतं, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावलं होतं. म्हणजे फॉक्सचं ते डोलणं औषध घेतल्याची खूण असू शकते, हे एका फोनवर कळलं असतं.

आणि हे बोलणारा कोण? २००१ मध्ये स्वतःची ऐकण्याची शक्ती जवळजवळ संपली, तेव्हा कानात यंत्र बसवून माईकसमोर परतलेला माणूस. २००३ मध्ये वेदनाशामक गोळ्यांचं व्यसन त्याने कबूल केलं, तेव्हा श्रोत्यांनी त्याला पोटाशी धरलं. दुखणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. म्हणून मला त्या नकलेचा राग जास्त येतो.

२०२० मध्ये कॅन्सर जाहीर केल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याला राष्ट्राध्यक्षांचं पदक मिळालं. तो गहिवरला होता, मलाही वाईट वाटलं. वर्षभराने तो गेला.

त्याला थोर म्हणणाऱ्या माझ्या मित्रांनो, ती २००६ ची क्लिप एकदा बघा. आवाज बंद करून बघा.