केनशिनचा पाचवा भाग आधी बघू नका

दहावीची परीक्षा संपवून भाचा आठवडाभर राहायला आलाय. आल्या आल्या मोबाइलवर यादी दाखवली. "मावशी, रुरोनी केनशिनचे पाचही पिक्चर बघायचेत. सुरुवात पाचव्यापासून. स्टोरी तिथूनच चालू होते ना!" पाचव्याची गोष्ट सगळ्यांत आधीची आहे खरी, पण तो आला सगळ्यांत शेवटी. मी म्हटलं, या घरात हे चालणार नाही. त्यावरून आमची चांगलीच जुंपली. हल्ली हाच सल्ला जो तो देत सुटलाय, म्हणून इथे लिहून मोकळी होते. (पुढे कथानक थोडं फुटेल. ज्यांनी एकही भाग पाहिला नाही त्यांनी आधी जाऊन पहिला बघा, मग भांडायला या.)

नवख्यांसाठी थोडक्यात. हे जपानी सिनेमे एका मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर बेतलेत. वात्सुकी नोबुहिरोची ही मांगा 1994 ते 1999 या काळात जपानच्या 'शोनेन जम्प' साप्ताहिकात आली, पुढे तिचे 28 खंड झाले. काळ 1878 चा, म्हणजे मेइजी राजवटीचं अकरावं वर्ष. सामुराईंचं राज्य बुडालंय, 1876 च्या हुकुमानं कमरेला तलवार लावायलाही बंदी आलीय. अशा तोक्योत एक लाल केसांचा, गालावर फुलीसारखा व्रण असलेला भटक्या येतो, तोच केनशिन. क्रांतीच्या धामधुमीत यानंच क्योतोत माणसं कापली होती. आता शपथ घेतलीय की कुणाला मारणार नाही.

पण तलवार सोडलेली नाही, आणि ती तलवारच या सिनेमाचा जीव आहे. तिला साकाबातो म्हणतात. नेहमीच्या काताना या जपानी तलवारीची धार बाहेरच्या बाजूला असते, हिची आतल्या बाजूला. म्हणजे समोरच्यावर नेहमीसारखा वार केला तर लागते ती बोथट पाठ. हाड मोडेल, मुंडकं उडणार नाही. आणि धार राहते धरणाऱ्याकडे तोंड करून. कागदावर ही गंमत वाटते. पडद्यावर मात्र प्रत्येक मारामारीत मनात एकच धाकधूक: हा आता ती फिरवणार तर नाही?

मारामारी म्हणाल तर कोल्हापूरकर म्हणून सांगते, मी आधी पाय बघते. लहानपणापासून मर्दानी खेळ पाहिलेत, पवित्रा चुकला की हातातला दांडपट्टा नुसता शोभेचा. या सिनेमांत केनशिन झालेल्या सातो ताकेरूचे पाय बघा. तो जवळजवळ जमिनीला टेकून पळतो, वळताना घसरतो, भिंतीवर पाय देऊन उलटतो, आणि धूळ खरी उडते. अॅक्शन बसवणारा तानिगाकी केंजी हाँगकाँगमध्ये मारधाडपटांचा हिरो डॉनी येनबरोबर काम करून आलेला, ते जाणवतं. मांगात पात्रं वार करताना डावाचं नाव ओरडतात, इथे ते बरंचसं गाळलंय. बरं झालं. चितारलेल्या तोंडात जे शोभतं ते माणसाच्या तोंडात हास्यास्पद वाटतं, आणि मांगावरचे निम्मे सिनेमे इथेच आपटतात. दिग्दर्शक ओतोमो केइशी त्याआधी एनएचके या जपानी वाहिनीसाठी 'र्योमादेन' ही याच काळावरची मालिका करत होता. तिच्यात सातोनं ओकादा इझो हा खराखुरा मारेकरी केला होता. म्हणून इथले कपडे मळलेले आहेत आणि घरं राहती वाटतात.

आता मूळ भांडण. 2012 चा पहिला भाग सुरू होतो 1868 च्या तोबा-फुशिमीच्या लढाईत. प्रेतांचा खच पडलाय, स्वतःची बाजू जिंकल्याचं कळतं आणि केनशिन तलवार जमिनीत रोवून चालू लागतो. का, ते आपल्याला माहीत नाही. त्याच सिनेमात कियोसातो नावाचा एक तरुण त्याच्या हातून मरतो. लग्न ठरलेलं पोर, मरायचं नाही म्हणून धडपडत उठत राहतं. केनशिनच्या गालावरचा पहिला घाव त्याचा. दुसरा कुणाचा, ते कळायला चौथा भाग, 'द फायनल', यावा लागतो. तो कोरोनामुळे रखडून 2021 मध्ये आला आणि पाठोपाठ पाचवा, 'द बिगिनिंग'.

म्हणजे पाचवा बघायला बसतो तेव्हा केनशिनच्या बायकोचं, तोमोएचं काय होणार हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. म्हणूनच तो चिरतो. दोघं ओत्सूच्या खेड्यात नवराबायको म्हणून राहतात, भाजी लावतात, तो हळूहळू हसायला शिकतो, आणि आपल्याला ते हसू बघवत नाही. हेच आधी बघितलं तर काय उरतं? एक संथ प्रेमकथा आणि शेवटी धक्का. धक्का काय, कुठलाही सिनेमा देतो.

अजून एक गोष्ट सबटायटलमध्ये पार हरवते. भटक्या केनशिन स्वतःला 'सेश्शा' म्हणतो. आपल्याकडे 'हा पामर' म्हणावं तसं जुनं, खाली वाकलेलं बोलणं. पाचव्यातला कोवळा मारेकरी म्हणतो 'ओरे', सरळ रोखठोक 'मी'. इंग्रजीत दोन्हीकडे एकच शब्द. चार भाग 'सेश्शा' कानात मुरलं की पाचव्यातल्या पहिल्या 'ओरे'ला अंगावर काटा येतो.

सगळंच गोड आहे असं नाही. 2014 च्या दोन भागांत, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्यात, शिशिओ या खलनायकाची दहा जणांची टोळी आहे, त्यातले बहुतेक नुसते उभे राहायला आलेत. आओशी नावाचा आणखी एक लढवय्या तर कथेत का आहे, हे त्यालाही कळलेलं नसावं. पण त्याच टोळीतल्या सोजिरोशी लढताना साकाबातो मोडते, ती पडद्यावर मोडली तेव्हा मी "अगं आई" म्हणून ओरडले होते, तेही दुसऱ्यांदा बघताना.

तर भाच्यानं नाक मुरडत का होईना, माझ्या क्रमानं पाहिले. काल रात्री एक वाजता पाचवा संपला. काही बोलला नाही. पाणी पिऊन आला आणि पहिला पुन्हा लावला. मी म्हटलं, झोप आता.

"थांब ना, तलवार रोवतो तिथपर्यंतच."