पाप आहे, पण लागू होतो

माझ्या फुफीला, म्हणजे आत्याला, तलाक पोस्टकार्डावर आला होता. पंधरा पैशांचं कार्ड, आत तीन ओळी. कार्ड उघडंच असतं, त्यामुळे तिच्याआधी पोस्टमननं वाचलं आणि तिच्या हातात पडेपर्यंत अर्ध्या मोहल्ल्याला कळलं होतं. फुफी पाच वक्ताची नमाजी. तिनं मौलानांना विचारलं, "हे अल्लाहला आवडतं का?" ते म्हणाले, "नाही, गुनाह आहे." "मग मोडत का नाही?" "आता लागू झाला."

2017 साली तीन तलाकच्या खटल्यात सुप्रीम कोर्टात मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाची भूमिका ऐकली तेव्हा मला मौलानाच आठवले. एका दमात तीनदा दिलेला तलाक पाप आहे, पण लागू होतो! इजिप्तनं 1929 मध्येच असा तलाक एकच धरायचं ठरवलं, पाकिस्ताननं 1961 मध्ये नोटीस आणि 90 दिवसांची अट घातली. आमच्याकडे कोर्टानं तो रद्द करायला 22 ऑगस्ट 2017 उजाडावा लागला. निकालही तीन विरुद्ध दोन.

समाजसुधारक हमीद दलवाई आमच्याच भागातले, चिपळूणजवळच्या मिरजोळीचे. 18 एप्रिल 1966 ला त्यांनी सात मुस्लिम बायकांना घेऊन तोंडी तलाक बंद करा म्हणून मुंबईत कौन्सिल हॉलवर, म्हणजे तेव्हाच्या विधानभवनावर, मोर्चा नेला. फक्त सात! 22 मार्च 1970 ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. पण त्यांचं म्हणणं तलाकापुरतं नव्हतंच. धर्मग्रंथाची, परंपरेची चिकित्सा करायचा हक्क मुसलमानालाही हवा, हे ते सांगत होते. तलाकाचं कोर्टानं केलं. हे दुसरं कोर्ट कसं करणार?

1977 मध्ये ते गेले. त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठलाही धर्मविधी न करता दहन झालं. फुफी म्हणायची, "माणूस आमच्यासाठी झिजला, पण आम्हाला जनाजाला जाता आलं नाही." मला दोघांचंही पटतं. मी स्वतः रोजे धरते. तरी नमाज न पढणाऱ्यालाही प्रश्न विचारायचा माझ्याइतकाच हक्क आहे, असं मी मानते.

दलवाईंवर पोस्ट टाकली की हिंदू मित्रांचे अंगठे धडाधड येतात. त्यातल्या काहींना दलवाई मुसलमानांना झोडपण्यापुरतेच हवे असतात. हिंदू जातीयवादावर ते काय बोलले, ते विचारा, गप्प. मोहल्ल्यातले लोक रात्री इनबॉक्समध्ये येतात. "ताई, खरं आहे, पण आत्ता नको, वातावरण वाईट आहे." वातावरण चांगलं कधी होतं हो? शाहबानोच्या वेळी होतं? ब्याण्णव साली होतं?

2019 च्या तीन तलाकविरोधी कायद्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, ते मला पटत नाही. तो आत गेल्यावर खर्चाला कोण देणार? पण "सरकारचा हेतू वाईट" एवढं म्हणून आपली सुटका होत नाही. दुसरी बायको, हलाला (तलाकनंतर त्याच नवऱ्याकडे परतायला बाईनं आधी दुसऱ्याशी लग्न करायचं), मुलीला मुलाच्या निम्मा वाटा, या गोष्टी सरकारनं आणलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात भाचीचा निकाह झाला. तिनं सांगितलं, नवरा दुसरं लग्न करणार नाही, ही अट निकाहनाम्यात लिहा. काझीसाहेब म्हणाले, "असं लिहीत नाहीत."

"लिहीत नाहीत, की लिहिता येत नाही?"

त्यांनी बाहेर जाऊन फोन लावला. बिर्याणी निवत होती. वीस मिनिटांनी परत आले आणि कुणाकडेही न बघता त्यांनी पेनाचं टोपण काढलं.