पोट धरून

डॉक्टरांनी विचारलं, "तला हुआ ज़्यादा खाते हैं?"

मी पेशंटला शोभेल असा क्षीण आवाज काढला, "नहीं, कभी-कभार."

पायथ्याशी स्टुलावर बसलेल्या चिऊनं मान वर केली. "बाबा, परवा सराफ्यात आपण गराडू खाल्लं ना? आणि कचोरी. आईला सांगू नको म्हणालास ती."

डॉक्टर मूळचे कुठले कोण जाणे, पण गराडू आणि कचोरी या शब्दांना इंदुरात भाषांतर लागत नाही. चिऊच्या आईला तर बाकीचं वाक्यही कळत होतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. पोटातली कळ त्यापुढे सुसह्य वाटली.

थंडीत सराफा बाजारात रात्री दुकानं मिटली, की समोर कढया पेटतात. कापलेला गराडूचा कंद तेलात सोडायचा, लालसर झाला की वर जिरावन मसाला भुरभुरायचा, लिंबू पिळायचं. त्यापुढे पित्ताशयाची काय पत्रास? त्यानं रात्री दोन वाजता उजव्या बरगडीखालून आपला निषेध नोंदवला. सकाळी सोनोग्राफीत खडे दिसले.

शाळेला नाताळची सुट्टी, आजीचे गुडघे धरलेले, त्यामुळे चिऊ आईबरोबर दवाखान्यात मुक्कामाला. लहान मुलांना आत सोडत नाहीत अशी पाटी होती, पण पाच वर्षांच्या मुलीनं "भिया, मेरे पापा अंदर हैं" म्हटल्यावर वॉचमनचं काय चालणार! तिच्या दृष्टीनं ही सहलच. पलंग दांडा फिरवून वर-खाली होतो हा शोध लागल्यावर पहिल्या तासात मी तीनदा बसता झालो आणि चारदा आडवा. सलाईनचे थेंब ती मोठ्यानं मोजायची. एकोणतीसपर्यंत मराठी, तिथून उनचालीसपर्यंत हिंदी, पुढे गाडी इंग्रजीत. इंदूरच्या मराठी घरातलं पोर असंच मोजतं. मीही हिशेब हिंदीतच करतो.

ऑपरेशन दुर्बिणीचं. पोटावर चार लहान भोकं पाडतात, कार्बन डायऑक्साइड भरून पोट फुगवतात आणि आत हत्यारं घालतात. 1985 साली जर्मनीत एरिक म्यूहे या सर्जननं अशा रीतीनं पित्ताशय काढलं, तेव्हा त्याच्याच बिरादरीनं त्याला वेड्यात काढलं होतं. माझ्या आजोबांच्या पोटावर याच दुखण्याचा वीतभर व्रण होता, तो आठवून मी म्यूहेला मनातल्या मनात हात जोडले. चिऊनं मात्र एवढंच उचललं: बाबाला भोकं पाडली आणि हवा भरली. सायकलच्या दुकानात पाहिलेल्या प्रकाराशी हे जुळत असल्यानं तिला काही वावगं वाटलं नाही. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तिनं तेच सांगितलं. पंक्चर हा शब्द आजेसासऱ्यांनी वापरला, तिनं नव्हे.

शुद्धीवर आल्यावर सिस्टरनी बजावलं, "खाँसना या हँसना हो तो तकिया पेट से दबाकर." खोकला आला नाही. चिऊ आली.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांनी विचारलं, "गैस पास हुई?" मी दबक्या आवाजात हो म्हणालो. चिऊला कळलं ते असं, की भरलेली हवा एकदाची निघाली. ती पळत कॉरिडॉरमध्ये गेली आणि नर्सच्या टेबलापासून लिफ्टपर्यंत जाहीर करून आली, "मेरे पापा की हवा निकल गई!" वास्तविक तो वायू वेगळा. तो बराचसा डॉक्टरच काढून घेतात, उरलासुरला शरीर शोषून घेतं, आणि जाता जाता खांद्यात ठणका देऊन जातो. पण हे समजावायला तोंड उघडावं तर हसू फुटत होतं. शेजारच्या पलंगावर हर्नियावाले काका. त्यांचेही टाके ताजे. आम्ही दोघं आपापली उशी कवटाळून, डोळे मिटून, "आई गं" आणि "अरे बाप रे" करत पडलो होतो. काकांनी हात जोडून विनवलं, "बेटा, दस मिनट चुप बैठ जा."

ती गप्प बसली, कारण तिला कचऱ्याचे डबे दिसले. इंदूरचं मूल बोलायच्या आधी ओला आणि सुका कचरा शिकतं. घरी हिरवा आणि निळा. इथे पिवळा, लाल, निळा, पांढरा! हातात मोसंबीची साल घेऊन ती हिरवा शोधत फिरली. सिस्टरनी समजावलं, की पिवळ्यात रक्ताचा कापूस, लालमध्ये सलाईनच्या नळ्या, पांढऱ्यात सुया, निळ्यात काच. त्यानंतर काकांचा भाचा समोशाचा कागद पिवळ्यात टाकायला वळला, तेव्हा अशी काही किंकाळी फुटली की वॉर्डबॉय धावत आला.

सुट्टी मिळताना एका छोट्या बाटलीत माझे खडे मिळाले. सतरा. चिऊनं ते तिन्ही भाषांत मोजले आणि बाटली ताब्यात घेतली. घरी जायचं म्हणताच रडली. "अजून एक दिवस राहू या ना. आता आईचं पोट कधी फुगवायचं?"

दुसऱ्या सकाळी नेहमीसारखी गाणं वाजवत कचऱ्याची गाडी आली. मी गॅलरीत जेमतेम पोचलो तोवर चिऊ खाली. तिनं बाटली गाडीवाल्यासमोर धरली. "भिया, ये गीला है कि सूखा?"

त्यानं बाटली उन्हाकडे धरली, हलवली, कानाशी नेली. "किसका है?"

"पापा के पेट का."

तो माणूस मुरलेला. ओला नाही, सुका नाही, हे त्यानं पाहिलं आणि गाडीच्या बाजूच्या, घरातल्या धोकादायक कचऱ्यासाठी असलेल्या वेगळ्या कप्प्याकडे बोट केलं. चिऊनं मान वर केली आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडली, "बाबा! तू घरेलू हानिकारक आहेस!"

उशी आत पलंगावर राहिली होती.